एकाच डब्यातला रंग : रिटा मोरेनोची वाटचाल

'वेस्ट साइड स्टोरी' हा अमेरिकन चित्रपट मी विद्यार्थीदशेत एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांत दोन टोळ्या एकमेकींवर धावून जातात. एक गोऱ्या पोरांची, दुसरी पोर्तो रिकोहून आलेल्या पोरांची. मधे एक प्रेमकथा आहे आणि शेवटी प्रेते पडतात. त्या वेळी नायक-नायिकेपेक्षा मला भावली ती अनिता. शिवणाच्या दुकानात राबणारी, तोंडाने फटकळ, आपल्या माणसाला खडे बोल सुनावणारी आणि गच्चीवर घागरा उडवीत नाचणारी बाई. आमच्या वस्तीतल्या अशा कितीतरी बायका मला माहीत होत्या. पडद्यावरच्या त्या साऱ्या पोर्तोरिकन माणसांचा रंग गडद तपकिरी होता. ही माणसे अशीच असतात, असे मी त्या वेळी गृहीत धरले. मनात शंकासुद्धा आली नाही.

पुष्कळ वर्षांनी कळले की तो रंग त्यांचा नव्हता. तो रंगभूषेच्या डब्यातला होता, आणि डबा एकच होता. अनिताचे काम करणारी रिटा मोरेनो खरोखरीची पोर्तोरिकन. तिची कातडी त्या रंगाहून बरीच उजळ. तिने रंगभूषाकाराला विचारले की आमच्या बेटावर गोरी, सावळी, काळी अशी सगळ्या रंगांची माणसे असताना सगळ्यांना हा एकच रंग कशासाठी? त्यावर त्याने तिलाच उलट विचारले, तू वर्णद्वेष्टी आहेस की काय? पुढे अनेक मुलाखतींतून तिने हा प्रसंग सांगितला आहे. तोंडावर चिखल थापल्यासारखे वाटे, असे ती म्हणते.

हा प्रश्न मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या तोंडाला रंग फासला जातो त्यालाच 'तू जातीयवादी आहेस' असे ऐकवण्याची रीत आपल्याला नवी नाही. राखीव जागेबद्दल, आडनावाबद्दल कुणी शब्द काढला की हेच उत्तर मिळते. म्हणून या नटीची वाटचाल आपल्या कार्यकर्त्यांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे जरा तपशिलाने मांडावी, असे बरेच दिवस मनात होते. चित्रपटतारकांची चरित्रे छापण्याची हौस मला नाही. मार्लन ब्रँडोशी तिचे जे संबंध होते त्यावर सिनेमाच्या मासिकांनी ढीगभर कागद खर्च केला आहे. तो भाग मी सोडून देते.

आधी पोर्तो रिकोविषयी दोन शब्द. कॅरिबियन समुद्रातले हे बेट चारशे वर्षे स्पेनची वसाहत होते. १८९८ च्या युद्धानंतर ते अमेरिकेच्या ताब्यात गेले. १९१७ साली तेथील लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व देण्यात आले, परंतु बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत नाही. मूळचे ताईनो आदिवासी, आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि स्पॅनिश वसाहतवाले यांच्या मिश्रणातून हा समाज घडला. म्हणजे कागदावर नागरिक, व्यवहारात दुय्यम. दारिद्र्यामुळे माणसे न्यूयॉर्कला जात. कारखान्यांत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, शिवणकामाच्या दुकानांत कमी मजुरीवर राबत, आणि भाषेमुळे, रंगामुळे अपमान सोसत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा ओघ फार वाढला. रिटाची आई त्याच्याही आधी गेली होती.

रिटाचे मूळ नाव रोसा दोलोरेस आल्वेरियो. जन्म ११ डिसेंबर १९३१, उमाकाओ या गावी. आई शिवणकाम करणारी. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती १९३६ साली पाच वर्षांच्या मुलीला घेऊन बोटीने न्यूयॉर्कला आली. धाकटा मुलगा फ्रान्सिस्को मागे राहिला. त्या भावाची ताटातूट हे दुःख रिटाने पुढे आयुष्यभर बाळगले. त्याच १९३६ साली आपल्याकडे 'अछूत कन्या' हा बोलपट पडद्यावर आला होता. त्यातल्या अस्पृश्य मुलीची भूमिका देविकाराणीने, ठाकूर घराण्याशी नाते असलेल्या उच्चभ्रू बाईने केली होती. अस्पृश्य मुलीचे काम अस्पृश्य मुलीला देता येईल हा विचार त्या काळी कुणाच्या डोक्यातही आला नसेल. हे जाता जाता सांगितले. दोन देशांतली ही गोष्ट वाटते तितकी लांबची नाही.

न्यूयॉर्कमध्ये मुलीला नाच शिकवायला होता पाको कान्सिनो. हा रिटा हेवर्थ या विख्यात नटीचा चुलता, आणि रिटा हेवर्थची कथा ऐकल्याशिवाय पुढची कथा समजत नाही. तिचे खरे नाव मार्गारिटा कान्सिनो. बाप स्पेनहून आलेला नर्तक. सुरुवातीला तिला स्पॅनिश, मेक्सिकन बायकांची किरकोळ कामे मिळत. मग स्टुडिओने तिचे आडनाव बदलले, केस रंगवले, आणि कपाळावरची केसांची रेषा विजेच्या उपचाराने मागे सरकवली. या दुखऱ्या उपचारानंतर मार्गारिटा कान्सिनो नाहीशी झाली आणि रिटा हेवर्थ ही 'अमेरिकन' सौंदर्यदेवता जन्माला आली. आपल्याकडे आडनाव बदलून शहरात घर मिळवणारी माणसे आहेत. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण कपाळाचा आकार बदलावा लागणे म्हणजे काय, याचा विचार मात्र करावा.

तेव्हा हॉलिवुडमध्ये स्पॅनिशभाषक बाईपुढे दोन वाटा होत्या. ओळख पुसून गोरी व्हायचे, नाहीतर ठरीव साच्यात बसायचे. साचाही ठरलेला. तापट, हेंगाडे इंग्रजी बोलणारी, पुरुषाला मोहात पाडणारी आणि शेवटी गोऱ्या नायकाने सोडून दिलेली. मेक्सिकोची लुपे वेलेझ हिच्यावर 'मेक्सिकन स्पिटफायर' या नावाने चित्रपटांची मालिकाच निघाली. दोलोरेस देल रिओ ही याच देशाची. तिने १९४० च्या सुमारास कंटाळून हॉलिवुड सोडले, मायदेशी गेली आणि १९४३ साली 'मारिया कांदेलारिया' हा चित्रपट केला. त्यात तिने आदिवासी स्त्रीची भूमिका केली, मात्र ती स्वतः श्रीमंत घराण्यातली होती. तिसरी वाटही होती म्हणायची, पण ती ज्याला परत जायला देश आहे त्याची. रिटा मोरेनोचा देशच अमेरिकेच्या मुठीत होता.

ती लहानपणापासून कमावत होती. अकराव्या वर्षी अमेरिकन चित्रपटांच्या स्पॅनिश आवृत्त्यांना आवाज द्यायला लागली. तेरा वर्षांची असताना, १९४५ साली, ब्रॉडवेच्या रंगभूमीवर आली. पडद्यावर आपल्यासारखी कुणी दिसत नव्हती म्हणून तिने एलिझाबेथ टेलरला आदर्श मानले. एमजीएम स्टुडिओचा प्रमुख लुई मेयर याला भेटायला ती गेली तेव्हा केस, भुवया, पोशाख सारे टेलरसारखे करून गेली. त्याने तिथल्या तिथे तिला करारावर घेतले. 'रोसिता'चे 'रिटा' झाले ते स्टुडिओत. 'मोरेनो' हे सावत्र बापाचे आडनाव.

आणि मग सुरू झाली ती दशकभराची वेठबिगारी. वेठबिगारी हा शब्द मी जाणून वापरते. पैसे मिळत होते, नाही असे नाही, पण काम निवडण्याचा अधिकार नव्हता. 'पेगन लव्ह साँग' (१९५०) मध्ये ती ताहितीची मुलगी झाली. 'द यलो टॉमहॉक' (१९५४) मध्ये अमेरिकेतली आदिवासी मुलगी झाली, आणि पात्राचे नाव काय, तर 'हनी बेअर'. 'सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड' (१९५५) मध्ये पुन्हा आदिवासी. प्रत्येक वेळी अंगाला गडद रंग, पायांत चपला नाहीत, आणि तोंडी मोडके इंग्रजी. या साऱ्या जमातींचे उच्चार तिला कुणी शिकवले नाहीत. तिने स्वतःच एक 'परक्या माणसाचा' उच्चार तयार केला आणि तो ताहितीपासून ब्रह्मदेशापर्यंत सगळीकडे चालवला. कुणीही हरकत घेतली नाही. हे ती आता हसत हसत सांगते. मला त्यात व्यवस्थेचे सगळे गणित दिसते. चित्रपट काढणाऱ्याला ताहिती आणि ब्रह्मदेश यांतला फरक ठाऊकही नव्हता आणि ठाऊक करून घ्यायची गरजही नव्हती. त्याला फक्त 'आपल्यातली नाही' एवढेच दाखवायचे होते. त्यासाठी एक उच्चार पुरे होता, जसा एक रंगाचा डबा पुरे होता.

अपवाद 'सिंगिंग इन द रेन' (१९५२). त्यात तिचे काम छोटेसे, पण त्या पात्राला कुठलीही जमात नव्हती. ती नुसती एक नटी होती. अशी संधी पुन्हा लवकर आली नाही. १९५४ साली 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र झळकले, तरीही भूमिका त्याच राहिल्या.

'द किंग अँड आय' (१९५६) बद्दल थोडे थांबून सांगायला हवे. सयामच्या राजाला ब्रह्मदेशाहून भेट म्हणून पाठवलेली तुपतिम ही मुलगी रिटाने केली. वस्तूसारखी भेट दिलेली ही मुलगी दरबारात पाहुण्यांपुढे एक नाट्य सादर करते. त्याचा आधार 'अंकल टॉम्स केबिन'. म्हणजे एक दासी, राजाच्या तोंडावर, अमेरिकेतल्या गुलामांची कथा सांगून स्वातंत्र्य मागते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या कथेचा प्रवास असा कुठून कुठे झाला आहे. पण चित्रपटाची गंमत पाहा. पडद्यावर दासी मुक्ती मागते आहे, आणि ते काम करणारी नटी मात्र पुढच्या चित्रपटात कोणत्या जमातीची दासी व्हायचे याची वाट पाहते आहे.

या काळात तिच्यावर जे अत्याचार झाले तेही सांगितले पाहिजेत, कारण साचा केवळ पडद्यावर राहत नाही. तापट, सहज मिळणारी बाई म्हणून जिला रोज दाखवले जाते, तिच्याशी स्टुडिओतली माणसेही तशीच वागतात. तिच्याच एजंटाने तिच्यावर बलात्कार केला, आणि तरीही तोच आपल्यासाठी काम मिळवू शकतो असे वाटल्याने ती त्याच्याकडेच राहिली, हे तिने २०२१ च्या माहितीपटात उघडपणे सांगितले. त्या वेळी आपली किंमत आपल्यालाच कळत नव्हती, असा तिच्या सांगण्याचा आशय आहे. शोषिताच्या मनात शोषकाने घर करणे याला आणखी कोणते उदाहरण हवे?

आता 'वेस्ट साइड स्टोरी'. मूळ संगीतनाटक १९५७ चे. लिहिणारे, संगीत देणारे, नाच बसवणारे लॉरेंट्स, बर्नस्टाइन, साँडहाइम आणि रॉबिन्स हे चौघेही ज्यू. प्रथम त्यांच्या मनात ज्यू आणि कॅथलिक यांच्यातला झगडा होता. नंतर त्याचे पोर्तोरिकन झाले. म्हणजे या समाजाबद्दल लिहायचे म्हणून लिहिलेले ते नाटक नव्हते. रंगमंचावर अनिता केली चिता रिव्हेराने. तिचे वडील पोर्तो रिकोचे. १९६१ च्या चित्रपटात नायिका मारिया झाली रशियन स्थलांतरितांची मुलगी नॅटली वुड. तिचा भाऊ बर्नार्डो झाला ग्रीक आईबापांचा मुलगा जॉर्ज चकिरिस. हाच चकिरिस लंडनच्या रंगमंचावर त्याच नाटकात गोऱ्या टोळीचा म्होरक्या होता! रंग फासला की टोळी बदलली.

चित्रपटाची सुरुवातीची दृश्ये न्यूयॉर्कच्या पश्चिम भागातल्या ज्या गल्ल्यांत चित्रित झाली, त्या पाडण्यासाठी रिकाम्या केलेल्या होत्या. सान हुआन हिल या वस्तीतल्या काळ्या आणि पोर्तोरिकन गरिबांना उठवून तेथे लिंकन सेंटर हे भव्य कलाकेंद्र उभे राहायचे होते. माणसे उठवली, आणि त्यांच्या रिकाम्या घरांसमोर त्यांच्याच आयुष्याचा नाच चित्रित झाला. झोपडपट्ट्या हटवण्याविरुद्ध मोर्चे काढलेल्या कार्यकर्त्यांना याच्यावर आणखी भाष्य नको.

इतके असूनही अनिता ही भूमिका वेगळी होती, हे मान्य केले पाहिजे. रिटाने अनेकदा म्हटले आहे की स्वाभिमान असलेली, स्वतःची मते असलेली, उलट उत्तर देणारी अशी आपल्या समाजाची स्त्री तिला प्रथमच मिळाली, आणि अनिता हीच पुढे तिची आदर्श ठरली. एक पेच मात्र होता. मूळ नाटकातल्या एका गाण्यात अनिताच्या तोंडी पोर्तो रिकोची कुचेष्टा होती. बेट गलिच्छ, रोगट असा सूर होता. आपल्या जन्मभूमीबद्दल हे शब्द आपण उच्चारायचे कसे, या विचाराने तिची झोप उडाली, भूमिका सोडावी असेही वाटले. चित्रपटासाठी त्या गाण्याचे शब्द बदलले गेले, त्यात अमेरिकेतल्या भेदभावावर टोमणे आले, आणि ती सुटली. त्याच चित्रपटातला दुसरा प्रसंग तिला सुटला नाही. गोऱ्या टोळीची पोरे दुकानात अनिताला घेरून तिच्यावर हल्ला करतात, शिव्या देतात. ते चित्रित होताना ती खरोखर कोसळून रडली. लहानपणी रस्त्यावर ऐकलेल्या साऱ्या शिव्या त्या वेळी वर आल्या, असे तिने सांगितले आहे.

९ एप्रिल १९६२ रोजी तिला सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. अभिनयाचे ऑस्कर मिळवणारी ती पहिली लॅटिना. लॅटिना म्हणजे लॅटिन अमेरिकेशी नाते असलेली स्त्री. तेव्हा ती फिलिपाइन्समध्ये एका चित्रपटाचे काम करीत होती. तिथून ती मनिलात शिवलेला झगा घालून समारंभाला आली. बक्षीस ज्युडी गार्लंडलाच मिळणार अशी तिची खात्री असल्याने भाषण तयार केलेच नव्हते. दोन वाक्ये बोलून ती खाली उतरली.

इथे सिनेमाच्या मासिकांतले लेख संपतात. आपला लेख खरा इथे सुरू होतो.

ऑस्करनंतर तिला भूमिका आल्या त्या कशा? पुन्हा टोळ्यांच्या, पुन्हा अनिताच्याच, फक्त चित्रपट हलक्या प्रतीचे. तिने त्या नाकारल्या. परिणाम असा झाला की सर्वोच्च पारितोषिक मिळवलेली ही नटी साठच्या दशकातली पुष्कळ वर्षे चित्रपटांतून जवळजवळ नाहीशी झाली. ती स्वतः याला सात वर्षांचा काळ म्हणते. पारितोषिक मिळाले म्हणजे दार उघडले, अशी आपल्याकडेही समजूत आहे. दलित लेखकाच्या पुस्तकाला पुरस्कार मिळतो, आणि नंतर त्याच्याकडे मागणी येते ती पुन्हा त्याच आत्मकथनाची, त्याच भुकेची, त्याच मेलेल्या ढोरांची. त्याने प्रेमकथा लिहिली, विज्ञानावर लिहिले, तर संपादक म्हणतो, 'तुमचा तो अस्सल अनुभव द्या ना.' सन्मान करणारे हातच साचा पुढे करतात.

माझ्या महाविद्यालयातली एक गोष्ट इथे आठवते. स्नेहसंमेलनाच्या नाटकात एका मुलीला सलग तीन वर्षे मोलकरणीचे काम मिळाले. मुलगी आमच्याच समाजाची, आवाज खणखणीत. चौथ्या वर्षी ती निवडीला आलीच नाही. नाटक बसवणारे सर म्हणाले, 'अहो, ती भूमिका तिला इतकी शोभते!' समितीत मी होते. त्या तीन वर्षांत मी काय बोलले, तर काहीच नाही. म्हणून रिटाच्या नकाराबद्दल लिहिताना माझा आवाज फार चढत नाही.

नाकारणे सोपे नसते, आणि सगळ्यांना परवडतही नाही. रिटाला रंगभूमी येत होती, नाच-गाणे येत होते. लंडनला 'शी लव्हज मी' हे संगीतनाटक तिने केले. १९६४ साली ब्रॉडवेवर 'द साइन इन सिडनी ब्रुस्टाइन्स विंडो' या नाटकात ती मुख्य स्त्री-भूमिकेत होती. हे नाटक लॉरेन हॅन्सबेरीचे. ब्रॉडवेवर जिचे नाटक आले ती पहिली काळी लेखिका. हे दुसरे नाटक रंगमंचावर असतानाच, जानेवारी १९६५ मध्ये, ती कर्करोगाने वारली. वय अवघे चौतीस. हॉलिवुडने ज्या पोर्तोरिकन नटीला बसवून ठेवले तिला काम दिले ते एका काळ्या लेखिकेच्या लेखणीने, याची नोंद मला करावीशी वाटते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण झाले तेव्हा रिटा व्यासपीठाजवळ हजर होती. स्वतःच्या भूमिकांचा प्रश्न आणि समाजाचा प्रश्न एकच आहे ही जाणीव तिला याच वर्षांत आली असावी, असा माझा तर्क आहे.

ज्यांना नकार परवडला नाही त्यांच्यातली एक लुपे ओंतिवेरोस. टेक्सासची, मेक्सिकन आईबापांची मुलगी. विद्यापीठात शिकलेली, आधी समाजसेविका म्हणून नोकरी केलेली. नाटक-सिनेमांत आपण सुमारे दीडशे वेळा मोलकरीण झालो, असा तिचा स्वतःचा हिशेब होता. २०१२ साली ती वारली. तिचे म्हणणे असे की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे चित्र उभे करण्याचा मला अभिमान आहे, पण मला दुसरेही काही करायचे आहे. हे दोन्ही एकाच वेळी म्हणता येते, हे आपण तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. मोलकरीण ही भूमिका हीन नाही. आमच्या आयांनी ती कामे केली आहेत. प्रश्न हा की त्या मोलकरणीला घर आहे का, तिला नाव आहे का, मालकिणीचे दार लागल्यावर ती कुठे जाते हे लेखकाला माहीत आहे का.

सत्तरच्या दशकात रिटाने चाल बदलली. १९७१ पासून ती 'द इलेक्ट्रिक कंपनी' या मुलांच्या दूरदर्शन-कार्यक्रमात आली. वाचनात मागे पडलेल्या मुलांना अक्षरे, शब्द, वाक्ये खेळातून शिकवणारा हा कार्यक्रम. त्यात ती वेगवेगळी सोंगे घेई आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला मुलांना मोठ्याने हाक मारी. गरीब वस्त्यांतल्या मुलांची एक पिढी तिला त्या हाकेमुळे ओळखते. शिक्षक म्हणून मला तिच्या ऑस्करपेक्षा हे काम मोठे वाटते. त्याच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

मग 'द रिट्झ' (१९७५). यातली गूगी गोमेझ ही गळा नसलेली, इंग्रजीची चिरफाड करणारी, पण आपण मोठ्या गायिका आहोत या भ्रमात असलेली पोर्तोरिकन बाई. मुळात हे पात्र रिटाने मित्रमंडळींत गंमत म्हणून उभे केले होते. टेरेन्स मॅकनॅली या नाटककाराने ते पाहिले आणि तिच्यासाठी नाटकात घातले. त्याबद्दल टोनी पारितोषिक मिळाले. साच्याचीच टर उडवून तिने साचा मोडला, असे तिचे चाहते म्हणतात. काही पोर्तोरिकनांना ते रुचले नाही, आणि मी त्यांच्या बाजूने थोडी तरी आहे. आपण आपल्या बोलीची नक्कल आपल्या माणसांत करतो तेव्हा हशा वेगळा असतो. तोच प्रयोग भरलेल्या थिएटरात झाला की पहिल्या रांगेतला माणूस नेमका कशाला हसतो आहे, हे नटीच्या हातात राहत नाही. तरी एवढे खरे की या वेळी पात्र तिने स्वतः घडवले होते. ताहितीची मुलगी तिला कुणी तरी दिली होती.

१९७७ मध्ये एमी पारितोषिक मिळाल्यावर ऑस्कर, ग्रॅमी, टोनी आणि एमी ही चारही पारितोषिके मिळवणारी ती तिसरी व्यक्ती ठरली. पुढची वर्षे भराभर सांगते. 'ऑझ' (१९९७-२००३) या तुरुंगावरच्या मालिकेत ती मानसशास्त्र शिकलेली जोगीण झाली, कैद्यांशी माणसासारखे बोलणारी. 'वन डे अॅट अ टाइम' (२०१७-२०२०) मध्ये क्यूबाहून आलेल्या कुटुंबातली आजी झाली. म्हाताऱ्या बाईलाही शरीर असते, इच्छा असते, हे त्या आजीत दिसले पाहिजे असा आग्रह तिचाच. २००४ साली तिला राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. २०१८ च्या ऑस्कर समारंभाला ती १९६२ चाच झगा घालून गेली.

एवढे लिहून थांबले असते तर हा लेख आरतीसारखा झाला असता. जून २०२१ मध्ये एक प्रकार घडला. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स या वस्तीवरचा 'इन द हाइट्स' हा चित्रपट आला. ही वस्ती प्रामुख्याने डोमिनिकन लोकांची, त्यांत काळ्या वर्णाची माणसे पुष्कळ. चित्रपटाच्या मुख्य भूमिकांत मात्र उजळ चेहरेच होते. काळ्या लॅटिनो प्रेक्षकांनी प्रश्न विचारला, की आमच्याच वस्तीच्या चित्रात आम्ही कुठे आहोत? दूरदर्शनवरच्या एका कार्यक्रमात रिटाने चित्रपटाच्या कर्त्याची, लिन-मॅन्युएल मिरांडाची, बाजू घेतली आणि थोडे थांबता येत नाही का, अशा अर्थाचे बोलली. टीका झाली. दुसऱ्याच दिवशी तिने माफी मागितली, आपल्या समाजातल्या काळ्या माणसांकडे आपण दुर्लक्ष केले हे तिने मान्य केले.

ज्या बाईने साठ वर्षांपूर्वी विचारले होते की आम्हा सगळ्यांना एकच रंग कशासाठी, तिच्याच तोंडून हे निघाले. 'थोडे थांबा' हे शब्द आपणही कुणाकुणाला ऐकवले आहेत ते आठवून पाहावे. चळवळीतल्या बायकांना ऐकवले, आपल्याहून खाली लोटलेल्या जातींना ऐकवले, भटक्या-विमुक्तांना ऐकवले. रिटाने एका दिवसात माफी मागितली. आपल्याकडे एवढ्या लवकर मागितलेली माफी मला आठवत नाही. आणि रंगाच्या डब्याचे म्हणाल तर तो अजून वापरात आहे. २०१९ च्या 'बाला' या हिंदी चित्रपटात सावळ्या मुलीच्या दुःखाची गोष्ट सांगण्यासाठी उजळ नटीला काळा रंग लावला गेला, हे आपण पाहिलेच.

त्याच वर्षी, १० डिसेंबर २०२१ ला, रिटाच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, स्टीव्हन स्पीलबर्गची नवी 'वेस्ट साइड स्टोरी' अमेरिकेत प्रदर्शित झाली. या वेळी पोर्तोरिकन पात्रांसाठी लॅटिनो नट-नट्याच घेतल्या. त्यांचे स्पॅनिश बोलणे पडद्याखाली इंग्रजी भाषांतर न देता तसेच ठेवले. गल्ल्या पाडल्या जात आहेत हेही सुरुवातीलाच दाखवले. अनिता झाली आरियाना डिबोस, कृष्णवर्णीय लॅटिना. मार्च २०२२ मध्ये त्याच भूमिकेसाठी तिला तेच ऑस्कर मिळाले, आणि रिटा समोर बसलेली होती.

रिटासाठी या चित्रपटात एक नवे पात्र लिहिले गेले. व्हॅलेंटिना, दुकान चालवणारी म्हातारी पोर्तोरिकन विधवा. ती चित्रपटाच्या निर्मितीतही सहभागी होती. १९६१ मध्ये ज्या दुकानात पोरांनी तिला घेरले होते, तेच दुकान. नव्या अनिताला पोरे तशीच घेरतात. या वेळी आतले दार उघडते, व्हॅलेंटिना बाहेर येते, पोरांना बाजूला सारते, अनिताला मोकळी करते. मग त्या पोरांकडे वळते. यांना ती लहानपणापासून ओळखते, त्यांना तिने खायला घातले आहे. आणि त्यांनी काय केले आहे ते, जो शब्द आहे त्याच शब्दात, त्यांच्या तोंडावर सांगते.